सायकलस्वारांनी बाजूबाजूने जावे

तीर्थस्वरूप दादांस,

सप्रेम आणि (तुमचं मागचं पत्र वाचल्यामुळे) किंचित तापलेला नमस्कार. 'तीर्थरूप' लिहिलं नाही म्हणून रागावू नका. तो मान आईवडिलांचा. बायकोच्या थोरल्या भावाला 'तीर्थस्वरूप'वरच भागवावं लागतं, आणि पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या माणसाला कुठे किती अक्षरं द्यायची याची जाण ठेवावी लागते. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? तुमच्या मोटारीची तब्येत विचारत नाही, ती चांगलीच असणार. इकडे सगळे खुशाल आहेत. आईचे कान पूर्वीइतकेच तल्लख. मुलीला बाहेरगावच्या कॉलेजात जागा मिळते आहे, होय की नाही ते महिनाअखेर कळवायचंय, पण ते अजून अधांतरी आहे, कारण आजी म्हणते पाठवायचं नाही. तुमच्या बहिणीची तब्येत ठणठणीत आणि जीभही. (कौतुक करायचं असलं की मी तिला 'आमची ही' म्हणतो आणि तक्रार असली की 'तुमची बहीण'. पुढे वाचताना एवढं लक्षात असू द्या.)

तुम्ही लिहिलंत की दोघांना जायचं एकाच ठिकाणी, मग एकामागून एक सायकल चालवायला काय धाड भरली आहे? दादा, तुमच्या घरी किती खोल्या आहेत? आमच्या दोन. बाहेरच्या खोलीत आई, आतल्या खोलीत पुस्तक घेऊन मुलगी, आणि मधलं दार लाकूड फुगल्यापासून लागत नाही. आतल्या खोलीत आम्ही काही कुजबुजलो की बाहेरच्या खोलीतून त्याचं उत्तर येतं. त्यामुळे आमच्या घरातला प्रत्येक निर्णय रस्त्यावर झालेला आहे. हिची हॉस्पिटलची लाँड्री आणि माझं दुकान समोरासमोर, त्यामुळे सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना तेवढाच वेळ आम्ही नवराबायको असतो, बाकी दिवसभर मी कुणाचा तरी मुलगा नाहीतर बाप. शिलाई मशीन विकायचं हे नाल्याच्या वळणावर ठरलं. तुम्ही वहिनींना न विचारता मोटार घेतलीत तेव्हा आमचा पाठिंबा कुणाला, हे पुलाच्या चढावर ठरलं (वहिनींना). एकामागून एक जाऊन बोलायचा प्रयोगही करून झालाय. ही पुढे होती, मी मागे, आणि एक नाजूक गोष्ट सांगायची होती, म्हणून मी ओरडलो, "आईला सांगू नकोस!" दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मला विचारत होता की आईला नेमकं काय सांगायचं नाही.

आता तुमच्या जातभाईंकडे वळतो, म्हणजे मोटारवाल्यांकडे. एक गृहस्थ आहेत पांढऱ्या गाडीचे, त्यांना आम्ही हॉर्नवाले साहेब म्हणतो. हॉस्पिटलच्या भिंतीलगतचा तो रस्ता चांगला ऐसपैस, समोरून सहसा कुणी येत नाही, यांनी स्टिअरिंग जरासं वळवलं की हे पुढे आणि आम्ही मागे. पण नाही. ते मागे येऊन चिकटतात आणि हॉर्नवर हात ठेवतात तो उचलतच नाहीत. मला सांगा, रस्ता काय त्यांना आंदण मिळालाय? त्यांना चार चाकं म्हणून तोरा असेल तर आमच्या दोन सायकलींची मिळून किती होतात ते त्यांनी मोजावं. वर पेट्रोलचा वास नाही, आवाज नाही, झालंच तर थोडी चेन वाजते. तर एके दिवशी या गृहस्थांनी काच खाली केली आणि लालबुंद होऊन ओरडले, "बाजूबाजूने चालवा की!" आमच्या हिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या दोघांच्या चाकांकडे, आणि अगदी सरळ मनाने सांगितलं की तसंच तर चालवतोय. ती चेष्टा करत नव्हती हो. लाँड्रीत गरम रोलरमध्ये चादर सोडताना दोघींना बाजूबाजूला उभं राहावं लागतं, नाहीतर चादर तिरकी जाऊन चुरगळते. तिला त्या शब्दाचा तेवढाच अर्थ माहीत. पण गृहस्थांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्यांनी थेट रस्ते खात्यात तक्रार ठोकली.

इथून पुढचं मी रचून सांगतोय असं वाटेल, पण शप्पथ, अक्षर अन् अक्षर खरं आहे. रस्ते खात्याने ठरवलं की तिथे बोर्ड लावायचा. बोर्ड रंगवणार कोण? गावात असे तीन पेंटर आहेत, एकाचा हात मोडलाय, दुसरा निवडणुकीच्या भिंतींत अडकलाय, उरलो मी. खात्याचे साहेब फोनवर घाईत होते. म्हणाले, लिहा, सायकलस्वारांनी बाजूबाजूने जावे. मी विचारलं, असंच लिहू? ते म्हणाले, असंच लिहा आणि लांबून दिसेल असं लिहा. आता मी पडलो पेंटर. गिऱ्हाईक जे सांगेल ते लिहायचं, आपली अक्कल फक्त वळणात आणि रंगात चालवायची, हा धंद्याचा नियम आहे. (एकदा मी अक्कल चालवून 'शुद्ध दूध' मधला 'शुद्ध' गाळला होता, डेअरीवाला अजून बोलत नाही.) तेव्हा पिवळ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत मी ते लिहिलं, 'जावे'च्या खाली एक हलकी रेघही दिली, आणि बोर्ड खांबावर चढला.

दादा, तुम्ही यायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी ड्यूटीवर जाणाऱ्या नर्सबाई दोघी-दोघी झाल्या. दोन वॉचमन, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते सरकारी हुकूम म्हणून शेजारी आले. एकटा माळी बिचारा जोडीदार शोधत खांबाखाली उभा होता. आणि त्या सगळ्या वरातीच्या मागे पांढरी गाडी, चालण्याच्या वेगाने. हॉर्न अखेर घोगरा झाला. मला लाज वाटली का? मुळीच नाही. इतक्या वर्षांत माझी एवढी मन लावून वाचली गेलेली पाटी दुसरी नाही.

अर्थात खात्यातून बोलावणं आलं. एका टेबलाशी साहेब, एका बाजूला हॉर्नवाले, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. हॉर्नवाल्यांचं म्हणणं, बाजूबाजूने म्हणजे कडेकडेने, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमचं म्हणणं, मग कडेकडेने लिहायला कुणी नको म्हटलं होतं? साहेबांचं म्हणणं, आपण काय म्हणालो ते आपल्याला आठवत नाही. आवाज चढत गेले. तुमची बहीण बोलायला लागली की काय होतं ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. शेवटी साहेबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "तुम्ही सगळे आधी त्या बाकावर बाजूबाजूला बसा बघू." आणि काय सांगू, हॉर्नवाले मुकाट्याने उठले आणि बाकावर माझ्या खांद्याला खांदा लावून बसले. आमच्या हिने (इथे 'आमची ही' अगदी ठळक वाचा) त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "समजतो की तुम्हाला अर्थ." साहेब खोकल्याचं सोंग आणून हसले.

तेव्हा दादा, तुमचा सल्ला मी आदराने साभार परत करतोय. एकामागून एक जाणार नाही. वाहनं येवोत, साहेब येवोत, तुम्ही स्वतः मोटार घेऊन मागे उभे राहिलात तरी हॉर्न वाजवून दमाल. ज्याला घाई आहे त्याने वळसा घालावा. आमच्या संसाराला दिवसातून तेवढाच रस्ता मिळतो आणि तो आम्ही अर्धा करून कुणाला देणार नाही. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा, कुणालाही वाट न देणारा,
मेहुणा

ता. क. जिंकलो हे खरं, पण त्यानंतर एक बारीकशी गोष्ट झाली, ती वर लिहायची राहिली. ही सायकलींची कुलपं काढायला बाहेर गेली तेव्हा साहेबांनी मला एकट्याला थांबवून घेतलं. म्हणाले, जुना बोर्ड काढावा लागणार, नवीन पाहिजे, 'एकामागून एक जावे'. आणि म्हणाले, तुमच्यासारखा 'ज' या भागात कुणाला येत नाही. दादा, माझ्या 'ज'बद्दल इतकं समजून आजवर कुणी बोललं नव्हतं. मी हो म्हणून बसलो. हिला पुलाच्या चढावर सांगितलं. ती जोरात पेडल मारून पुढे गेली. तेव्हापासून ती पुढे आणि मी मागे. घरात आईसमोर बोलता येतं तेवढंच बोलतो, म्हणजे किल्ली कुठे आणि दूध आलं का. मुलीचं काय करायचं ते ठरायचं तसंच पडून आहे, आणि महिना काही आमच्यासाठी थांबणार नाही. मला त्याची रात्रंदिवस काळजी लागून राहिली आहे. हे पत्र खरं तर त्यासाठीच. तुम्ही तिला दोन ओळी लिहा, की धंदा म्हटल्यावर गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. थोरल्या भावाचं ती ऐकते. बायकोला न विचारता एखादी गोष्ट करून बसण्याचा अनुभव तुम्हालाही आहे, तेव्हा माझी बाजू घ्या.

ता. क. २. आणखी एक. काल हॉर्नवाले मागून आले आणि हॉर्न न वाजवता माझ्या शेजारी गाडी हळू केली. काच खाली करून दबक्या आवाजात विचारलं की घरी कुणी आजारी आहे का, वहिनी एकट्या पुढे का. मी म्हटलं, तुमच्याच इच्छेप्रमाणे चाललोय. ते म्हणाले, "असं नको हो." मग ते माझ्या बाजूने चालवत राहिले, आणि मागचे लोक त्यांच्यावर हॉर्न वाजवायला लागले.

ता. क. ३. दादा, हे मी लिहितेय. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, इतके हुशार. त्यांची बाजू घेऊ नकोस. नवा बोर्ड त्यांनी रंगवायचा नाही, आणि साहेबांना तसं त्यांनी स्वतः तोंडाने सांगायचं, तुझ्या पत्राने नाही. मी दुकानात डोकावून आले, बोर्डाचा पत्रा अजून पांढराच आहे, 'ज'सुद्धा काढलेला नाही. रोज मागून काहीतरी बडबडत येतात, वाऱ्यात एक शब्द कळत नाही. पोरीला पाठवायचंच असं माझ्या मनात आहे, पण त्यांच्या मनात काय आहे ते मी रस्त्यावर ओरडून विचारणार नाही. उद्या सकाळी चढावर मी सायकल हळू करणार आहे. त्यांना सांगू नकोस.