घरवाल्यासाठी प्रार्थना

सपनाच्या आजोबांना प्रभू येशूच्या नावात सलाम. सांगते भागी, लिहिते सपना.

सालवडला सपनाच्या खोलीवर तुमची एक बायको पडून आहे, हे तिकडे मासवणात आठवतं का, की तेही विसरलात? माझं खुब्याचं मोडलेलं हाड जुळतंय, काळजी नको. तुमचा दम कसा आहे?

काल चर्चच्या पाळकबाई बायकांना घेऊन खोलीवर आल्या. म्हणाल्या, "बायको म्हणून आपली ताकद नि कमजोरी सांगा." मी म्हटलं, "ताकद माझ्या जिभेत हाय. जन्मभर ह्यांना हसवलं." मग त्या म्हणाल्या, "आता नवऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करा." तिथंच माझी कमजोरी निघाली. लग्नापासून तुमचं नाव तोंडाने घेतलं नाही, ते देवापुढे तरी कसं येणार? "माझ्या घरवाल्याला बरं कर," एवढंच म्हटलं. मासवणात घरवाले काय थोडे आहेत!

खरं सांगू? नाव घेतलं असतं तरी तुम्ही उठाल असं आता वाटत नाही. डॉक्टरने हात टेकले, मीही टेकले. तरी रोज मागते.

सुनेला सलाम. तिला नाचणीची भाकर करायला सांगा. अर्धी तुम्ही खा, उरलेली नातवाच्या, हितेशच्या हाती मला पाठवा. अख्खी आली तर मी समजेन.