शेवंताबाईची मेथी

गुरुवार, दिवेलागण

पेट्रोल महागलं तेव्हा मी ऑटोचं आर्वीपर्यंतचं भाडं वाढवलं होतं. पेट्रोल उतरलं की कमी करीन, असं देवासमोर बोललो होतो. काल पेट्रोल उतरलं, आज सकाळी भाडं कमी केलं. स्टँडवरचे ऑटोवाले हसले. "भाऊ, चढलेलं भाडं कोणी उतरवते काय?" हसू देत.

पण शेवंताबाई. मेथीचं टोपलं घेऊन रोज माझ्याच ऑटोत बसणारी. नवं भाडं ऐकून थबकली. "काऊन रे बापू, गाडीत काई बिघाड हाय का? मही मेथी रस्त्यातच सुकून जाईन." आणि बसली दुसऱ्याच्या ऑटोत, जुन्या चढलेल्या भाड्याने.

दिवसभर ती मेथी डोळ्यांसमोरून हलेना. भाडं वाढवलं तेव्हा बाईनं एका शब्दानंही विचारलं नव्हतं. उतरवलं तर संशय? माझं चुकलं काय? नाही. बोललेलं पाळलं, एवढंच.

परतताना ती बाजाराच्या फाटकाशी उभी. "चाल, तुह्या गाडीत येतो. आता टोपलं रिकामं हाय, बंद पडली तं पडली."

उद्याही भाडं हेच. बाई तर बसली. मेथीला भरवसा यायला दोन-चार दिवस लागतील. लागू देत.