फ्यूज हातातच धरायचा

मामंजी,

तुमच्या नातवानं काल मोटारव्हॅन आणली. घरोघरी विजेची कामं करत हिंडायला आता सायकल पुरत नाही म्हणे. सकाळपासून मंगळवार पेठेतल्या आपल्या दारात ती उभी करून तो आत फळ्या ठोकतोय. बल्ब कुठं ठेवू, वायरची भेंडोळी कुठं, शिडी आत घेऊ की टपावर, सगळं मलाच विचारतोय. मी सांगते, तोंडानं सांगते एवढंच. त्या ठोकण्याच्या आवाजानं इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले.

महाराजांचं राज्य होतं तेव्हा. वीज म्हणजे मोजक्या बंगल्यांतून, ज्याचं त्याचं इंजिन परसात धडधडणारं. तुम्ही सुतार. तारा लाकडी पट्ट्यांतून न्याव्या लागत, म्हणून या कामात शिरलात आणि लेकालाही घेतलंत. तुम्ही शिडीवर, हे खाली बोर्डापाशी. चिनी मातीचा तो फ्यूज उपसला की तेवढ्या भागातली वीज बंद. तो फ्यूज हे आपल्या खाकी कोटाच्या वरच्या खिशात ठेवायचे आणि तुम्ही खाली उतरल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत. मग तापाची साथ आली आणि हे गेले. तुम्ही रडला नाहीत, मीही नाही. दोघांनाही जमलं नाही असंच म्हणायला हवं. पोर तेवढं रडायचं, ते दुधासाठी.

दिवसकार्य झालं आणि तुम्ही एक मोडका टांगा घेऊन आलात. मागची बैठक काढून तिथं खणाखणांची पेटी बसवलीत. बल्ब भाताच्या पेंढ्यात, पट्ट्या कडेला बांधलेल्या आणि हाताशी घासलेटचा कंदील. विजेच्या मिस्त्रीच्या गाडीत कंदील बघून गल्ली हसली. वीज बंद करून काम करणाऱ्याला उजेड लागतो, हे त्यांना कोण सांगणार. मी चुलीपुढं होते. तुम्ही ह्यांचा कोट माझ्यापुढं टाकलात. "ह्येचं खिसं शीव गाडीला. पक्कड, पेचकस ऱ्हायला पायजेत." ह्यांच्याबद्दल आपण बोललो ते एवढंच. मी कात्री लावली.  वरचा खिसा मात्र मी उसवला नाही. भोवतीच्या कापडासकट तसाच अख्खा टांग्याच्या टपाला आतून शिवून टाकला.

तुम्ही एकटेच जाऊ लागलात, फ्यूज कनवटीला लावून. एके दिवशी दोन बोटं काळी करून आलात. तुम्ही शिडीवर असताना कुणीतरी अंधाराला कंटाळून फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकवला होता. घास धरता येत नव्हता तुम्हाला. ताटावरून उठताना म्हणालात, "उद्यापास्नं तू चल. बोर्डापाशी हुबं ऱ्हायचं, दुसरं काय न्हाय." फ्यूज त्या खाकी खिशात ठेवू का, असं मी विचारलं, तर एवढे खेकसलात की पोर जागं झालं. "गाडीत न्हाय. हातातच धरायचा." पोराला शेजारी सोडून मी टांग्यात बसू लागले. पांढऱ्या कपाळाची सून म्हातारा गावभर फिरवतोय, अशी कुजबुज तुमच्या कानावर आली. "मग तुमी या फ्यूज धरायला," असं तुम्ही गल्लीला सुनावलंत. कुणी आलं नाही.

त्या एका बंगल्यात साखरपुडा होता. तुम्ही माळ्यावर, तारेच्या सांध्यात दोन्ही हात घालून. दिवस मावळायला आला. इंजिन चालूच होतं, अर्ध्या घरात दिवे आणि दिवाणखान्यात अंधार. बंगल्याचा कारभारी आला, पाहुणे खोळंबलेत, फ्यूज बसव म्हणाला. "वर माणूस हाय," मी म्हटलं. त्याला ते पटेना. मिस्त्री मघाच विडी ओढायला गेला म्हणाला आणि त्यानं गड्याला तार आणायला पिटाळलं. गडी तार घेऊन आला तशी मी बोर्डाला पाठ लावून उभी राहिले. "आधी मला बाजूला करा, मग लावा तार."

गडी कारभाऱ्याकडं बघू लागला, कारभारी जमिनीकडं. शुभकार्याच्या घरात, ऐन मुहूर्ताला, माझ्यासारखीला हात कोण लावणार? ज्या कपाळावरून गल्ली तुम्हाला टोचत होती, त्याच कपाळानं तुम्हाला राखलं. ते दोघं तसेच उभे राहिले, मीही उभी राहिले.

तुम्ही उतरलात आणि हात पुढं केलात. माझी मूठ उघडेना. तुम्ही एकेक बोट उलगडून फ्यूज घेतलात आणि बसवलात. दिवे लागले. शाबास वगैरे काही म्हणाला नाहीत. "चल, घोडं उपाशी हाय," एवढंच म्हणालात. वाटेत मी रडले, ह्यांच्यामागं पहिल्यांदाच रडले. तुम्ही लगाम धरून पुढं बघत राहिलात. नंतर मात्र अंथरुणाला खिळेपर्यंत ज्याला त्याला सांगत राहिलात, की माझ्या जिवासाठी माझी सून कारभाऱ्याला भिडली. मी खाली मान घालून ऐकायची.

नातवानं आत्ता व्हॅनमध्ये फ्यूजसाठी छोटा कप्पा ठोकला होता. मी तो काढायला लावला. तुमच्यासारखीच खेकसले.

हे काही टपालात पडायचं नाही, म्हणून सांगते. वर माणूस आहे म्हणाले ना मी, मामंजी, तो माणूस तुम्ही नव्हता. वर हे आहेत, असंच मला वाटत होतं. मूठ मिटलेली आहे तोवर ह्यांना काही होत नाही. तुम्ही माझी बोटं उलगडलीत, तेव्हा हे गेले.