न पाहिलेली मोटर

१२ फेब्रुवारी १९५५, शनिवार

घुर्र — खट्. घुर्र — खट्. घुर्र — आणि मग एकदम धडधडधड!

चौतीस वर्षं झाली, पण हा आवाज कानातून गेलेला नाही. मोठे मालगुजार, गावाचे जमीनदार, तेव्हा हयात होते. त्यांचा ड्रायव्हर पुढून दांडा फिरवत होता आणि मागच्या सीटवर माझी बायको तुलसा ओठ आवळून पडली होती. सुईणीनं हात टेकले होते. मालगुजार म्हणाले, मोटर घेऊन जा, गोंदियाच्या इस्पितळात पोचवा. आम्ही निघालो. पण गोंदियाला पोचायची वेळच आली नाही — गोरेगावच्या अलीकडे एका आंब्याखाली, मोटरीतच, डोमनलाल झाला! माझा एकुलता एक मुलगा.

आज हे सगळं उसळून आलं, कारण भाचा बिसराम रायपूरहून आला. तिथं मुन्नालाल नावाचा मिस्त्री आहे. जुन्या मोटरी घेतो, उकलतो, नव्यासारख्या करून विकतो. त्याच्याकडे एक कापडी हुडाची मोटर आहे. हिरवी.

“भंडारा जिल्ह्यातल्या कोन्या मालगुजाराची होती म्हनते, मामाजी.”

हिरवीच होती ती!

जेवणात लक्ष नव्हतं. तुलसानं दोनदा विचारलं, वरण पाहिजे का. दोनदा हो म्हणालो आणि ताट तसंच ठेवून उठलो.

१४ फेब्रुवारी

बोललो एकदाचं. न बोलता राहिलो असतो तर बरं झालं असतं.

सडक रुंद करताना सरकारनं आपली कडेची धानाची बांधी घेतली, तिचा मोबदला घरात आहे. त्यात डोमनला विहिरीवर पाण्याचा पंप बसवायचा आहे. मला मोटर हवी आहे. दोन्ही होत नाही. हे काही मला कळत नाही असं नाही.

“मोटर? कायले जी?” डोमन हातातला घास ठेवून म्हणाला. “विहिरीत पानी हाये, वावर कोरडं पडून हाये, आन तुमी मोटर घेऊन राहिले! मंग धान तिच्यातच पेराचं का?”

मी म्हणालो, अरे, तू तिच्यात जन्मलास.

“जन्मलो असन. म्हनून का तिलेच माय म्हनू?”

सून पदराआड हसली. मीही हसलो असतो, पण पोरगं हसत नव्हतं.

“पाहून तरी ये,” म्हणालो.

“मी नाई जात भंगार पाह्यले.”

मला स्वतःला जाता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. मागच्या साली बसमध्ये दम लागून वाटेतच उतरवावं लागलं, तेव्हापासून डॉक्टरनं लांबचा प्रवास बंद केलाय. म्हणजे घ्यायची तर न पाहताच. आणि न पाहता घ्यायची म्हणजे —

पुढे लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी

मुन्नालालचं पत्र आलं. सोबत फोटो!

पत्र हिंदीत, अक्षर भलतं सुरेख. गाडी ‘एकदम दुल्हन’ आहे म्हणे. हुड नवा, गादी नवी, रंग नवा. जुनं काय राहिलं ते लिहिलेलं नाही.

फोटोत मोटर तिरपी उभी आहे. दिवे दिसतात, हुड दिसतो, दार दिसतं. पण पुढचं चाक दिसत नाही. चाकापुढे म्हैस उभी आहे! फोटो काढताना ती म्हैस हाकलायला काय झालं होतं? की मुद्दामच उभी केली?

तुलसाला दाखवला. तिनं लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

“तीच आहे ना?” मी.

“मले काय माहीत? मी का मोटर पाहून राहिली होती त्या दिवशी?” आणि मग फोटो परत देत म्हणाली, “तुमाले तिचं वाजनं आठवते. मले हादरे आठवते.”

इतकी वर्षं मी लोकांना ती गोष्ट किती रंगवून सांगितली. तिच्यासमोर सांगितली. ती कधी मधे बोलली नाही.

संध्याकाळी मन रमवायला आर्या जुळवायला बसलो. तिरोड्याच्या शाळेत गुरुजी बोटं टेबलावर आपटून मात्रा मोजून घेत, तशाच मोजल्या —

अश्वांवाचुन धावे, धुरळा बघुनी बैल बाजुला होती

पहिला चरण बरोबर. दुसऱ्यात दोन मात्रा जास्त! बैल काही केल्या बाजूला होत नाहीत.

२३ फेब्रुवारी

म्हशीमागे चाक आहे ना?

२६ फेब्रुवारी

सडक अर्जुनीच्या बाजारात केशोराव भेटले. मोठ्या मालगुजारांचे चिरंजीव. मालगुजारी गेल्यापासून बाजाराला स्वतःच येतात, हातात पिशवी घेऊन. वांगी निवडत होते. मी मोटरीचं विचारलं तर हसायलाच लागले.

“आमची मोटर? लढाईच्या दिवसात पेट्रोल नाई भेटे, टायर नाई भेटे, तवाच विकली जी. इंजन काढलं, ते चूलबंद नदीच्या काठच्या धानगिरनीवाल्यानं नेलं. खोका भंगारवाल्यानं नेला. तुमी तं तिथंच धान कांडता ना! आमच्या मोटरीचेच तांदूळ खाऊन राहिले तुमी!”

बाजारातून बैलबंडीत बसून घरी आलो तो डोकं भणभणत होतं. खोका भंगारात गेला म्हणजे तो रायपूरला पोचला असेलही. मुन्नालालनं त्यात दुसरंच इंजिन घातलं असेल. किंवा ती मुळातच दुसऱ्या कोणाची असेल. हिरवी मोटर काय एकच होती?

आणि गिरणी! दर साली तिच्या दाराशी पोती टेकून बसतो मी. कान कुठे गेले होते माझे?

१ मार्च

गिरणीत गेलो. धान होतंच कांडायचं. डोमन बंडी हाकत होता.

इंजिन चालू होतं. पट्टा फिरत होता, कोंडा उडत होता, सगळं घर थरथरत होतं. मी अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. डोळे मिटले. काही नाही! नुसता गोंगाट. गिरणीवाल्या उदारामला म्हणालो, बाबा, एकदा बंद करून परत चालू करून दाखव.

“काऊन जी? बिघडलं नाई ते.”

“दाखव तर.”

त्यानं डोमनकडे पाहिलं. मग त्यानं बंद केलं, दांडा लावला, फिरवला. पहिल्या फेरीतच सुरू झालं.

तो आवाज नव्हता तो. मुळीच नव्हता.

मग काय, केशोराव चुकीचं सांगतात? इंजिन म्हातारं होऊन त्याचा आवाज बदलला? की चौतीस वर्षं मी जो ऐकतोय तो आवाज मीच केलेला आहे? शाळेतल्या कवितांचं असंच होतं. एखादी ओळ मी जन्मभर म्हणतो आणि पुस्तक उघडावं तर तिथं वेगळीच असते. पण पुस्तक निदान उघडून पाहता येतं.

मी तिथंच उभा. डोमन पोतं खांद्यावर घेऊन समोर आला आणि थांबला.

“कोंडा गेला का जी डोळ्यात?”

“हो,” म्हणालो.

त्यानं पोतं खाली ठेवलं, खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला. परत येताना तो बंडीत बसला नाही. बैलांच्या बाजूनं चालत आला.

२ मार्च

ठरवलं.

सकाळी आंघोळ करून पैशांची गाठ डोमनच्या हाती दिली. म्हणालो, जा, पंप घेऊन ये. तो गाठीकडे पाहत राहिला.

“आन मोटर?”

“जी आठवते ती राहिली नाही. जी आहे ती पाहिली नाही. सोड.”

“नागपूरले जातो मंग.”

“जा.”

मुन्नालालला कार्ड टाकलं — घेत नाही, क्षमा असावी, आपणास तसदी दिली. बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

६ मार्च

डोमन आला. पंप ठरला म्हणाला. होळीनंतर येईल.

कोणत्या कंपनीचा? किती ताकदीचा? पाणी किती खेचतो?

“येईन तवा पाहा ना जी.”

पावती? ‘आहे’ म्हणाला. दाखवली नाही. नखांत काळं तेल भरलेलं होतं.

“पंप उकलून पाह्यला,” म्हणाला. “म्हनून.”

नागपुरात एवढ्या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकाला पंप उकलू देतात?

९ मार्च, धुळवड

गावात फाग गाणं चाललंय. पोरं रंग घेऊन अंगणात आली, सुनेनं त्यांना पिटाळलं, ती परत आली. माझं चित्त थाऱ्यावर नाही.

पोराला कोणी फसवलं का? इतका व्यवहारी, पण शहरात कधी एकटा गेलेला नाही. पैसे देऊन रिकाम्या हातानं परत आला. आणि मी, जो स्वतः न पाहता मोटर घ्यायला निघालो होतो, तो त्याला कोणत्या तोंडानं बोलू?

तुलसाला म्हणालो, तू विचार.

“मी नाई विचारत. तो काही करून राहिला असन तं करू द्या.”

हिला माहीत आहे की काय?

१२ मार्च

पंप नाही आला. आज राहवलं नाही. विचारलंच — “न पाहताच पैसे देऊन आलास की काय रे?”

“पाह्यला जी. चांगला पाह्यला.”

माझ्याकडे न बघता बैलांना चारा टाकत होता. खोटं बोलताना तो लहानपणापासून माझ्याकडे बघत नाही. डॉक्टरनं दिलेली पुडी घेतली.

१५ मार्च

दारात एक माणूस. साठीचा, डोक्यावर टोपी, धुळीनं माखलेला. चालत आलेला. हात जोडून म्हणाला —

“हम मुन्नालाल. रायपुर से.”

नकार कळवला म्हणून भांडायला आला! म्हणालो, भाऊ, कार्ड टाकलं होतं मी, मिळालं नाही का?

“मिला, बाबूजी. मगर आपका लड़का उससे पहले आ चुका था.”

डोमन. रायपूरला. आमचा डोमन!

डोमननं मोटरीत बसून बाजाराला चक्कर मारायला लावली म्हणे, मग दुसरी, मग तिसरी, आणि तरी खाली उतरेना. शेवटी पंपाचे पैसे मोजून दिले आणि होळीनंतर घरी आणून द्या म्हणाला. गाडी सडकेवर उभी आहे. आपल्या बंडीवाटेनं ती आत येत नाही.

म्हणजे पंप नाही. यंदा विहिरीचं पाणी विहिरीतच. डोमन गोठ्याच्या दारात उभा होता, खाली मान घालून. त्याच्यावर रागवावं, की काय करावं? मी तुलसाला हाक मारली. घरातून कोणी ओ दिली नाही.

ती अंगणाबाहेर गेली होती. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर ओढत, सडकेच्या दिशेनं भराभर निघाली होती.