तरण्या ताऱ्याची पट्टी आणि म्हातारा कोक्शा

आदरणीय झुमाबेकमामांना वेधशाळेच्या डोंगरावरून भाचा येर्सिनचा सलाम.

गुरंघोडी खुशाल? मामी, मुलं खुशाल? (जनावरांची चौकशी आधी करायचा आपला रिवाज, यंदा मात्र मी ती मनापासून करतोय.) माझी तब्येत उत्तम आहे, अब्रू जरा नरम आहे.

मागच्या महिन्यात मी फोनवर सांगितलं होतं, की एका तरण्या ताऱ्याच्या वर्णपटात मला काळी पट्टी सापडली. ताऱ्याचा उजेड रंगारंगांत उलगडला की मध्येच कुठेतरी थोडा उजेड खाल्लेला दिसतो, तीच ही पट्टी. हा उजेड तो ताराच खातोय, असं मी चार दिवसांत ठरवून टाकलं. तुम्ही तर (मामी सांगतात) चहा संपायच्या आत तीन गावांना मेजवानीचं आमंत्रण धाडलंत आणि कापायला कोक्शा घोडा नेमलात.

परवा आमच्या प्रमुख राइखानबाईंनी वर्षभराचे बारा वर्णपट एकाखाली एक मांडले. हा तारा जोडीदाराभोवती फिरतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या रेषा सारख्या इकडे-तिकडे सरकतात. माझी पट्टी बाराही वेळा जागच्या जागी.

"ताऱ्याला कशाला बदनाम करतोस?" बाई म्हणाल्या. "वाटेतल्या धूळ-वायूनं खाल्लाय उजेड. ही पट्टी माझ्या आजीच्या लहानपणापासून माहीत आहे."

"पण ती नेमकी कशामुळे पडते?"

"ते अजून कुणाला धड कळलेलं नाही. तू शोधलेली नाहीस, एवढं मात्र नक्की."

मग त्यांनी माझा पेला काठोकाठ भरला. (पाहुण्यानं आता निघावं असं सुचवायचं असलं की त्याचा पेला काठोकाठ भरतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी उठलो.)

हे कळवायला चारदा फोन लावला. चारही वेळा तुम्हीच उचललात आणि चारही वेळा मी पावसापाण्याचं विचारलं. मला फार लाज वाटते, मामा.

तुमचा,
येर्सिन

ता. क. भाच्याच्या तीन मागण्यांना मामा नाही म्हणत नाही. सातव्या वर्षी मी चाकू मागितला, बाराव्या वर्षी दुर्बीण. तिसरी आज मागतो: कोक्शा, जिवंत. मी पहिल्यांदा पडलो तो त्याच्याच पाठीवरून, आणि तो थांबून राहिला होता. शिवाय त्याचे दात गेलेत. त्याला खाताना पाहुण्यांचेही जातील.

ता. ता. क. दर मेजवानीनंतर तुम्ही गावाहून इकडे येणाऱ्या बोलातच्या गाडीतून माझा मांसाचा वाटा पाठवता. या वेळी बोलात रिकाम्या हातानं आला तर मी त्याला मिठी मारणार आहे. त्याला आधी सांगून ठेवा.