पेनर आजोबांच्या भट्टीला गेलेला तडा

लाडक्या आईला,
कॅनडातल्या थॉम्पसन गावच्या बर्फातून दारियाचा उबदार नमस्कार.

मी मजेत आहे. थंडीनं बोटं जरा फुटलीत, पण मलम लावते. बाबांची कंबर कशी आहे?

मंगळवारी पेनर आजोबा-आजींकडे घर तापवायची भट्टी तपासायला गेले होते. भट्टीचा पंखा सुरू झाला आणि शांत जळणारी निळी ज्योत एकदम थरथरायला लागली. आत कॅमेरा घातला, तर भट्टीचा धूर घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणाऱ्या पत्र्यालाच तडा! विषारी वायू घरात शिरत होता.

मी लगेच गॅस बंद केला. आजोबा भडकले. "बाहेर हाडं गोठताहेत आणि तू आमची ऊब काढून घेतेस? तुझ्या साहेबाला बोलाव!"

"साहेबही हेच करतील," म्हणत मी आजींकडे वळले. "आजी, डोकं दुखतं का हो?"

"रोज दुखतं. फक्त रविवारी चर्चमध्ये थांबतं. मला वाटलं, प्रार्थनेनं."

घराबाहेर पडल्यावरच डोकं थांबतं, हे आजोबांच्याही लक्षात आलं आणि त्यांनी कोट चढवला. मी दोघांना माझ्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. रक्तात वायू सापडला, पण आता दोघंही ठणठणीत आहेत.

आज मी तिथे नवी भट्टी बसवली. आजोबा शेजाऱ्यांना सांगत होते, "साहेब कशाला हवाय? आमची दारिया आहे!"

आई, आपली भट्टीही जुनीच आहे. वायूचा इशारा देणारा भोंगा पाठवलाय. तो तुमच्या खोलीजवळ लावा. नाताळात येऊन भट्टी मीच उघडणार, बाबांनी हात लावायचा नाही.

काजळीनं माखलेली, पण ताठ मानेची,
तुझी दारिया