केशरी कमरबंदाची निरवानिरव

हे मृत्युपत्र लिहिण्याचे कारण माझी प्रकृती नसून माझा भाचा आहे. माझे कैलासवासी बंधू चिंतामणी यांचा मुलगा कमलाकर याने जिल्हा न्यायालयात अर्ज दिला आहे की, आपली आत्या भ्रमिष्ट झाली असून तिची मिळकत सांभाळण्यासाठी आपली नेमणूक व्हावी. सुनावणी ४ मार्च रोजी आहे. अर्जात वेडाची तीन लक्षणे दिली आहेत. आत्या रोज सकाळी परसात काठी फिरवते, कमरेला रंगीत फडके बांधते, आणि अर्ध्या वयाच्या मुलीकडून ‘चुकलं’ असे ऐकून घेते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीची सवय होण्यास मला सर्वांत जास्त दिवस लागले.

सबब मी, अनसूया, कै. महिपती वैरागकर यांची कन्या, बी. ए., वय वर्षे ५७, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार सोलापूर, नवी पेठेच्या मागील गल्ली, कोणाच्याही दडपणावाचून व पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते की, माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला शंभरापासून उलटे आकडे म्हणायला सांगितले. त्र्याहत्तरापाशी त्यांचे लक्ष उडाले, तेव्हा मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लावले.

आडनावाचा खुलासा. माझे लग्न अकराव्या वर्षी झाले व चौदाव्या वर्षी संपले. सासरचे आडनाव सासरच्यांनीच परत मागितले. वडिलांनी मग मला पुण्यास शिकायला धाडले. सासरहून मला दुसरे काही मिळालेले नाही, म्हणून त्या घराण्याने वारसा सांगण्याचे कष्ट घेऊ नयेत.

कलम १. घर. माळवदाचे दोन खणांचे घर व मागील परसू मी माझ्या पगारातून, माझ्या नावे घेतले आहे. त्यात वडिलार्जित एक वीटही नाही. हे घर परसासह व्यायामशाळेच्या स्त्री-विभागास द्यावे, व तेथे मुलींना लाठी शिकवणारी गुरम्मा शिवप्पा हिने त्याचा कारभार पाहावा.

कारण असे. व्यायामशाळेतल्या कुस्तीच्या हौद्यात बायकांचा पाय पडल्यास माती बाटते, असा मंडळाच्या ज्येष्ठांचा ठराव आहे. त्याच मातीत मंडळाची मांजर दरवर्षी विते. तिला ठराव लागू नाही. म्हणून एकतीस मुली माझ्या परसात लाठी शिकतात. आम्ही तांबडी माती स्वतः चाळून अंथरली आहे. कमलाकरने दिवाळीला येऊन परसू पावलांनी मोजला आणि म्हणाला, “आत्या, हितं चादरींचं गोदाम झकास होईल की.” घर त्याच्या हाती गेल्यास त्या मुलींना दुसरी जागा नाही. बाकीची कलमे चुकली तरी चालतील, हे चुकू नये.

कलम २. वडिलांची काठी. ही माझ्याकडे नाही, पण हिच्याविषयी लिहिणे आहे. वैरागला आमचे वडील मला व चिंतामणीला लाठी शिकवीत. चिंतामणी रडे, मी शिकले. तेल पाजलेली, पितळी टोपणाची ती काठी माझी होती. लग्न ठरल्याबरोबर ती चिंतामणीला मिळाली. त्याने तिचा उपयोग सोवळ्याची धोतरे वाळत घालण्यासाठी केला, व आजही कमलाकरच्या घरी ती त्याच कामी आहे. तिच्यावरील हक्क मी सोडते. भ्रमिष्ट आत्या काठी फिरवते, हे सांगणाऱ्याने निदान ओल्या धोतराखाली उभे राहून सांगू नये.

कलम ३. कमरबंद. न्यायालयाच्या माहितीसाठी सांगते की हे फडके नव्हे. आमच्या व्यायामशाळेत परीक्षा पास होईल तसतसा वरच्या रंगाचा कमरबंद मिळतो. आधी पांढरा, मग पिवळा, हिरवा, केशरी, आणि शेवटी तांबडा. नऊवारीचा पदर आत खोचून वर तो आवळतात. पांढरा कोणालाही मिळतो, कमलाकरलाही मिळाला असता.

सन १९३२ मध्ये निवृत्त झाल्यावर मला मुलींच्या कवायतीला पाहुणी म्हणून नारळ फोडायला बोलावले होते. शिकवणाऱ्या मुलीचा पाय चुकतो आहे, असे मी भाषणात सांगितले. ती मुलगी म्हणजे गुरम्मा. तिने काठी माझ्या हाती दिली. “मंग दावा की बाई.” त्रेचाळीस वर्षांनी मी काठी फिरवली. तीन फेरे उत्तम झाले, चौथा माझ्याच कानावर बसला. कान तीन दिवस सुजला होता. चौथ्या दिवशी मी नाव घातले.

गुरम्माला मी पूर्वी चौथीत गणितात नापास केले होते. पिवळ्या कमरबंदाच्या परीक्षेत तिने मला नापास केले. समोरच्या मुलीने वार चुकीचा घेतला, तेव्हा मी थांबून तिला मनगट कसे वळवावे ते समजावू लागले; तिने ते तत्काळ शिकून माझ्या मनगटावर करून दाखवले.

“बाई, समोरचं चुकलं की मारायचं असतंय,” गुरम्मा म्हणाली. “शिकवायचं नसतंय.”

“मी तीस वर्षे शिकवले आहे.”

“व्हय की. म्हणूनच नापास.”

तिने दिलेले गुण मी घरी जाऊन पुन्हा तपासले. बरोबर होते. सहा महिन्यांनी पिवळा मिळाला, पुढील दोन वर्षांत हिरवा व केशरी. तांबड्याची परीक्षा एप्रिलात आहे. त्यापूर्वी मला मरण आल्यास केशरीच मिळाला असे धरावे. गुरम्माने दयेपोटी तांबडा चितेवर टाकू नये. ती टाकणार नाही. चारही कमरबंद धुऊन, ज्यांना नवे घेणे परवडत नाही अशा मुलींना द्यावेत.

कलम ४. पुस्तके शाळेच्या कपाटात जावीत. कपाटाची किल्ली निबंध तपासणाऱ्या बाईंकडे असू नये. त्या पुस्तके परत करीत नाहीत, हे मी अठरा वर्षे पाहिले आहे.

कलम ५. सोन्याच्या पाटल्या. आईच्या पाटल्यांची जोडी कमलाकरची पत्नी मालती हिला हवी आहे, व तिने हे तिच्या लग्नापासून दर सणाला मला कळवले आहे. तिने माझ्या मरणाची वाट पाहू नये म्हणून ही जोडी आजच कमलाकरच्या हाती द्यावी व त्याची पावती घ्यावी. याखेरीज कमलाकरला माझ्या मिळकतीत काहीही नाही.

कलम ६. तानाबाई, शाळेची शिपाई, हिला मला शेळी ठेवायची होती. परंतु साक्षीदाराच्या नावे काही ठेवल्यास ते त्याला मिळत नाही, असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीला तानाबाईच हवी. म्हणून शेळी गेल्या आठवड्यातच दिली. ती दूध देते. कायद्याची तिला अडचण नाही.

माझे दिवस कोणी घालायचे यावरून वाद करू नये. तेरा दिवस परसातला वर्ग बंद ठेवू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व दोन ठिकाणी दुरुस्त केला. यापूर्वीचे मृत्युपत्र नाही.

सही: अनसूया महिपती वैरागकर
मुक्काम सोलापूर, सोमवार, ता. ११ फेब्रुवारी १९३५

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत मी सही केली व ज्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केली:
१. डॉ. सिद्धप्पा मल्लप्पा हत्तुरे
२. तानाबाई धोंडिबा गायकवाड (सही स्वतः केली; मीच शिकवली आहे)

आज हवाली केलेल्या वस्तूंची नोंद

गुरम्मा शिवप्पा हिच्याकडे: घराचे खरेदीखत, परसाच्या दाराच्या दोन किल्ल्या, एकतीस मुलींचे हजेरीपुस्तक. तिने किल्ल्या कुलपाला लावून पाहिल्या, मग सही केली.

कमलाकर याच्याकडे: पाटल्यांची जोडी. पावती मी सुट्या कागदावर आधीच लिहून ठेवली होती. त्याने पाटल्या तीनदा उलटसुलट पाहिल्या. “घरातल्या घरात पावती कशाला, आत्या?” असे विचारले. शाळेत मी खडूच्या पेटीचीही पावती घेत असे, हे त्याला सांगितले, व सहीपूर्वी वाचून पाहा असेही दोनदा सांगितले. मालतीने पाटल्या तोवर हातात चढवल्या होत्या. ती म्हणाली, “अहो, वाचताय काय, करा की सही.” त्याने केली. पावती येथे डकवली असून तिची नक्कल ४ मार्चपूर्वी न्यायालयात जाईल. मजकूर असा:

“माझी आत्या श्रीमती अनसूयाबाई वैरागकर या पूर्ण शुद्धीवर असून आपली मिळकत सांभाळण्यास व वाटून देण्यास सर्वस्वी समर्थ आहेत, अशी माझी खात्री आहे. त्यांनी स्वखुशीने दिलेली सोन्याच्या पाटल्यांची एक जोडी आज मला पोचली. कमलाकर चिंतामणी वैरागकर.”